धूर वर जात नाही, ढकलला जातो : जुन्या घरातल्या फायरप्लेसविषयी

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात राहणाऱ्या आमच्या एका मराठी स्नेह्यांनी मध्यंतरी १८९० च्या दशकात बांधलेले, रांगेतले एक घर विकत घेतले. बैठकीच्या खोलीत बिडाची नक्षीदार चौकट आणि दोन्ही बाजूंना रंगीत फरश्या असलेली जुनी फायरप्लेस होती. धुराडे झाडणारा माणूस बोलावून, त्याच्याकडून वरपर्यंत ब्रश फिरवून घेऊन, नोव्हेंबरच्या एका थंड संध्याकाळी त्यांनी तिच्यात लाकडे पेटवली, आणि पाच मिनिटांत खोली धुराने भरून गेली. फोनवर त्यांचा प्रश्न असा होता की गरम हवा तर वर जाते, धुराडेही नुकतेच साफ झाले आहे, मग धूर खोलीत कसा येतो? मी त्यांना खिडकी दोन बोटे उघडून पाहायला सांगितले. खिडकी उघडताच धूर सरळ धुराड्यात गेला आणि ती लावताच काही क्षणांत पुन्हा खोलीत पसरू लागला. धुराडे निर्दोष होते. आधीच्या मालकांनी नव्या दुहेरी काचेच्या खिडक्या बसवून आणि दारांच्या फटी बुजवून खोलीत येणाऱ्या हवेची वाट बंद केली होती.

'गरम हवा वर जाते' हे वाक्य आपण सगळेच शाळेत शिकलो आहोत. ते चुकीचे नाही, पण अर्धे आहे, आणि जुन्या फायरप्लेसच्या दुरुस्तीत होणाऱ्या बहुतेक चुका त्याच्या गाळलेल्या अर्ध्या भागातून जन्म घेतात. हवेला, ती कितीही गरम असली तरी, आपणहून वर जाण्याची प्रेरणा नसते. गुरुत्वाकर्षण तिलाही खालीच ओढत असते. गरम हवा विरळ आणि म्हणून हलकी असते, आणि तिच्या शेजारची थंड, जड हवा खाली उतरून तिची जागा घेते तेव्हा ती वर ढकलली जाते. विहिरीत सोडलेला रिकामा हंडा वर उसळतो तो पाण्यामुळे, हंड्याच्या अंगच्या गुणामुळे नव्हे, तसेच हे आहे.

धुराड्याकडे तराजू म्हणून पाहिले की हिशेब करता येतो. एका पारड्यात धुराड्याच्या आतला हवेचा स्तंभ आणि दुसऱ्या पारड्यात घराबाहेरचा तेवढ्याच उंचीचा स्तंभ आहे, असे समजू. धुराड्याची उंची ८ मीटर, बाहेरचे तापमान ५ अंश सेल्सिअस आणि आतल्या धुराचे सरासरी तापमान १०० अंश धरले, तर बाहेरच्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२७ किलो आणि आतल्या हवेचे सुमारे ०.९५ किलो भरते. एक चौरस मीटर छेदाच्या ८ मीटर उंच स्तंभात हा फरक जेमतेम अडीच किलोचा होतो, म्हणजे दाबाच्या भाषेत सुमारे २५ पास्कल. आपल्या डोक्यावरच्या वातावरणाचा दाब एक लाख पास्कलहून थोडा अधिक असतो; धूर बाहेर नेणारे बळ त्याचा फक्त चार हजारावा भाग आहे. नळीतले पाणी ते फक्त अडीच मिलिमीटर उचलू शकेल. आग नुकती पेटली असेल आणि धुराड्यातली हवा बाहेरच्यापेक्षा जेमतेम दहा अंशांनी गरम असेल, तर हाच दाब साडेतीन पास्कलच्या आसपास राहतो.

इतक्या नाजूक तराजूचे पारडे कशानेही फिरते. स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा घट्ट बंद घरात सहज काही पास्कलचा उलटा दाब निर्माण करतो, आणि मग घराला लागणारी हवा धुराड्यातूनच खाली ओढली जाते. बाहेरच्या भिंतीतले धुराडे रात्रभर गारठले असेल, तर त्यातली थंड हवा खोलीतल्या हवेपेक्षा जड होऊन खाली उतरत राहते. म्हणून जाणती माणसे लाकडे पेटवण्यापूर्वी वर्तमानपत्राचा एक पेटता बोळा धुराड्याच्या तोंडाशी धरतात आणि हवा वर वाहू लागल्याची खात्री करून घेतात. खिडकी उघडून पाहण्याची युक्तीही माझी नव्हे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८५ साली अमेरिकेला परतताना जहाजावर धुरकट धुराड्यांविषयी एक लांबलचक पत्र लिहिले, आणि त्यात पहिले कारण सांगितले ते हेच की नव्या, घट्ट बांधणीच्या घरात आगीला पुरेशी हवा मिळत नाही. दुसरे कारण त्यांनी फायरप्लेसचे तोंड प्रमाणाबाहेर मोठे असण्याचे दिले. तेही आजही घरच्या घरी तपासता येते : तोंडाच्या वरच्या कडेला एक रुंद पत्रा आडवा धरून हळूहळू खाली आणावा, आणि जिथे धूर खोलीत यायचा थांबेल तिथे तो कायमचा बसवावा.

या विषयातला माझा आवडता माणूस मात्र बेंजामिन थॉम्सन, म्हणजेच काउंट रमफर्ड. म्युनिकमध्ये तोफांच्या नळ्या कोरताना निघणारी उष्णता पाहून, उष्णता हा पदार्थ नसून गती आहे, असे ठासून सांगणारा तोच हा शास्त्रज्ञ. १७९६ साली त्याने फायरप्लेसच्या रचनेवर निबंध लिहिला. तोवरच्या फायरप्लेस म्हणजे खोल, चौकोनी कोनाडे होते, आणि त्यांच्या माथ्यावर धुराड्याचे तोंड, म्हणजे घसा, इतके रुंद असे की धुराबरोबर खोलीतली कितीतरी उबदार हवाही वर जाई. वरच्या तराजूत हे मांडून पाहावे : धुरात खोलीची हवा मिसळली की धुराड्यातला स्तंभ थंड आणि जड होतो, त्याला वर ढकलणारे बळ घटते, आणि रुंद वाट देऊनही धूर खोलीत परततो. रमफर्डने हा घसा सुमारे चार इंचांवर आणला. घसा अरुंद केल्याने धूर अडेल असे वाटते, पण प्रत्यक्षात तो अधिक गरम राहतो आणि अधिक वेगाने निघून जातो. अरुंद घशाच्या मागे त्याने एक सपाट पायरी ठेवली. आगीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती पाठीशी १३५ अंशांचा कोन करतील अशा तिरक्या केल्या आणि पाठीची रुंदी फायरप्लेसच्या तोंडाच्या एक तृतीयांश ठेवली.

तिरक्या भिंतींचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. उघडी आग खोलीतली हवा फारशी तापवत नाही. तापलेली हवा तर धुराड्यातून निघून जाते. आपल्याला ऊब मिळते ती निखाऱ्यांतून आणि तापलेल्या विटांतून सरळ रेषेत येणाऱ्या अवरक्त किरणांमुळे. खोल कोनाड्यात हे किरण समोरासमोरच्या भिंतींवर पडून तिथेच अडकत. तिरक्या भिंतींनी त्यांना खोलीची वाट मोकळी केली. एवढे करूनही उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडातल्या उष्णतेचा साधारण चार पंचमांश भाग घराबाहेरच जातो, आणि शिवाय खोलीची हवा तासाभरात चार-पाच वेळा बदलली जाऊन तिच्या जागी बाहेरची गार हवा येते. आगीसमोर बसलेल्यांचे गुडघे भाजतात आणि पाठ गारठते, ते यामुळेच.

आता दुरुस्तीकडे वळू. सर्वांत आधी तडकते ती आगीमागची, उष्णता सोसणाऱ्या मातीची भाजलेली पाठ. तिथे अंगावरच्या तापमानात काही मिनिटांत शेकडो अंशांचा फरक पडतो. बारीक तडे विशेष सिमेंटने बुजवता येतात, पण तुकडे निखळू लागले की पाठ बदलावी लागते. नवी पाठ बसवताना जुने कारागीर तिच्या मागे पन्हाळी पुठ्ठा लावून मगच मागची पोकळी दुबळ्या, चुनामिश्रित मालाने भरतात. पहिल्या काही आगींत पुठ्ठा जळून जातो आणि प्रसरणाला नेमकी हवी तेवढी फट मागे राहते. जागा भक्कम व्हावी म्हणून तिथे काँक्रीट ठासणारा गवंडी ती पाठ पुढच्याच हिवाळ्यात तडकवण्याची व्यवस्था करत असतो.

धुराड्याच्या आतल्या बाजूला ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकापर्यंत बहुधा मातीच्या नळ्या नसत. विटांवर आतून चुन्याचा गिलावा असे, आणि त्या चुन्यात चक्क गाईचे शेण कालवलेले असे. सारवलेल्या जमिनीवर वाढलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये : शेणातले तंतू गिलाव्याला तडे जाऊ देत नाहीत, तो लवचिक राहतो. पण शंभर वर्षांच्या आम्लयुक्त धुराने तो झडतो, दोन धुराड्यांमधल्या अर्ध्या विटेच्या पडद्यातला चुनाही झिजतो, आणि खालच्या बैठकीतला धूर वरच्या किंवा शेजाऱ्याच्या निजण्याच्या खोलीत झिरपू लागतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणून जुनी फायरप्लेस पुन्हा वापरात आणण्यापूर्वी दाट धूर सोडणारी गोळी पेटवून गळतीची चाचणी करवून घेणे आणि कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा बसवणे या दोन गोष्टींवर काटकसर करू नये. ओले लाकूड जाळले तर त्यातले पाणी उकळण्यातच उष्णता खर्च होते, धूर थंड पडतो आणि धुराड्याच्या भिंतीवर डांबरासारखा थर बसतो. तो थर पेटला की धुराड्यातच हजार अंशांच्या घरातली आग लागते. इंग्लंडमध्ये २०२१ पासून किरकोळ विक्रीच्या जळणात २० टक्क्यांहून अधिक ओल चालत नाही.

या धुराड्यांत कधी कधी एखादा झिजलेला जुना जोडाही सापडतो, बहुधा लहान मुलाचा. धुराडे हे घराचे कधीच न बंद होणारे दार, तिथून अनिष्ट शक्ती शिरू नये म्हणून तो लपवलेला असे, असे मानले जाते, आणि नॉर्दॅम्प्टनच्या संग्रहालयाने अशा जोड्यांची नोंदवहीच ठेवली आहे. आपल्याकडे ट्रकच्या मागे जोडा टांगणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. त्याच काळात त्याच धुराड्यांत लहान मुलांना काजळी झाडायला चढवत होते, आणि त्या मुलांना मोठेपणी होणारा वृषणकोशाचा कर्करोग काजळीमुळे होतो, हे पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ साली दाखवून दिले होते. खरे अनिष्ट धुराड्यात होते, आणि जोड्याने त्यातल्या एकाही मुलाचे रक्षण केले नाही.

उघडी फायरप्लेस बदलून तिथे काचेच्या दाराची बंद लोखंडी शेगडी बसवली, तर लाकडातली दोन तृतीयांशाहून अधिक उष्णता घरात राहते. पण त्यामुळेच वर जाणारा धूर कमी आणि थंड असतो, आणि जुने, नऊ इंची चौकोनी धुराडे त्याला फार मोठे पडते. त्यात सहा इंच व्यासाची स्टेनलेस स्टीलची नळी सोडली की वाटेचे क्षेत्रफळ जवळजवळ एक तृतीयांश होते, धूर तिप्पट वेगाने जातो, वाटेत गारठत नाही. नळीभोवती व्हर्मिक्युलाइटसारखे हलके, उष्णतारोधक दाणे भरणे हे त्याच कारणाने आवश्यक असते. रमफर्डचा चार इंची घसा आणि ही नळी, दोन्ही एकाच तत्त्वाची रूपे आहेत. तरीही, माझे स्पष्ट मत असे आहे की दुसरी सोय असताना दाट वस्तीच्या शहरात केवळ शोभेसाठी लाकूड जाळू नये. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस बसलेल्या विषारी धुक्याने हजारो माणसे दगावली आणि त्यातून १९५६ चा हवा शुद्ध राखण्याचा कायदा आला. त्या धुक्याला घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्यांचा मोठा हातभार होता. सूक्ष्म कण आजच्या उत्तम शेगडीतूनही निघतातच. आणि 'धुराड्याची गरजच नाही' अशी जाहिरात असलेल्या, इथेनॉलवर चालणाऱ्या शेगड्यांविषयी एवढेच लक्षात ठेवावे की एक लिटर इथेनॉल जळताना सुमारे ९०० ग्रॅम पाण्याची वाफ आणि दीड किलो कार्बन डायऑक्साइड खोलीतच सोडते.

स्नेह्यांनी अखेर आग न पेटवण्याचे ठरवून धुराडे बंद केले, तेव्हा दुसरी अडचण पुढे आली. वरच्या मजल्यावरच्या खोलीत धुराड्याच्या भिंतीवर तपकिरी डाग होता, आणि तो पाऊस नसतानाही दमट दिवशी ओला होई. पाहणीला आलेल्या एका ठेकेदाराने जमिनीतून चढणाऱ्या ओलीचे निदान करून भिंतीत रसायन टोचण्याचे महागडे अंदाजपत्रक दिले होते. डाग पहिल्या मजल्यावर आहे, तिथे जमिनीची ओल पोहोचेल कशी, हे त्याने सांगितले नाही. खरे कारण असे, की शंभर वर्षे कोळसा जाळल्यावर विटांत क्लोराइड आणि नायट्रेट क्षार मुरलेले असतात. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटते आणि आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो, तसे हे क्षार हवेतली आर्द्रता एका मर्यादेपलीकडे गेली की तिच्यातले पाणी शोषून स्वतः त्यात विरघळतात. साध्या मिठाची ही मर्यादा ७५ टक्के आहे. कॅल्शियम नायट्रेटला त्याहून बरीच कमी आर्द्रता पुरते. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो, तोच हा प्रकार. वरून आणि खालून धुराडे गच्च बंद केले की आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि नेमके तेच या घरात झाले होते.

त्यांनी छपरावरच्या धुराड्याचे तोंड पाऊस आत न येऊ देणाऱ्या पण हवा खेळू देणाऱ्या टोपीने झाकले, विटांच्या सांध्यांतले सिमेंट खरवडून काढून ते चुन्याने भरले, डागावरचा क्षार मुरलेला गिलावा काढून नवा चुन्याचा गिलावा केला, आणि फायरप्लेसच्या तोंडावर बसवलेल्या फळीत खाली एक जाळी ठेवली. फेब्रुवारीत मी गेलो तेव्हा बाहेर दोन अंश तापमान होते आणि खोलीत अठरा. जाळीसमोर टिश्यू पेपरची एक अरुंद पट्टी धरली. आग नव्हती, निखारा नव्हता, तरी पट्टीचे खालचे टोक हलकेच आत वळले आणि तसेच राहिले.