थकलेला रोजमुरा आणि ठाण्याचा कोट

कोर्टनाक्यावरून कळव्याच्या पुलाकडे निघालं की मध्यवर्ती कारागृहाची जाडजूड दगडी भिंत लागते. बाहेर मुलाखतीला आलेली माणसं पिशव्या सांभाळत बसलेली असतात. हे कारागृह म्हणजे मुळात किल्ला, हे अर्ध्या ठाण्याच्या गावी नाही. उरलेल्या अर्ध्याला चिमाजीअप्पांचं नाव तेवढं माहीत असतं. मे महिना आला की पोर्तुगीजांवरच्या वसईच्या विजयाची आठवण निघते, तिथून आणलेल्या मेणवलीच्या घंटेचे फोटो फिरतात. ती घंटा ज्यांनी घाटावर चढवली त्यांना त्या महिन्याचा रोजमुरा, म्हणजे पोटापुरता पगार, मिळाला होता का, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते या लढाईची गोष्ट तिथून सांगायला हवी.

साष्टी, म्हणजे आजच्या मुंबईची उपनगरं आणि खाडीअलीकडचं ठाणं, दोनशे वर्षं फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, ताब्यात होती. धर्माचा जाच, जमिनी हिरावल्या जाणं, वेठबिगार या तक्रारी जुन्याच होत्या. १७३०च्या सुमारास फिरंग्यांनी ठाण्याचा कोट नव्याने बांधायला घेतला आणि पुणे दरबाराला घाई झाली. हा कोट पुरा झाला असता तर खाडीची किल्ली कायमची त्यांच्या हातात गेली असती. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे अशी स्थानिक माणसं बरीच वर्षं पेशव्यांकडे खेटे घालत होती. मार्च १७३७च्या अखेरीस मराठी फौज खाडी ओलांडून ठाण्यात उतरली. कोट अर्धवटच होता. फिरंगी गव्हर्नर लुईस बोतेल्यो उरणजवळच्या करंज्याला पळाला.

त्याच सुमारास थोरले बाजीराव दिल्लीच्या वेशीवर होते. एकाच दरबाराच्या दोन फौजा, पण दोन अगदी निराळे धंदे करत होत्या. तिकडे घोड्याची दौड आणि मोकळी मैदानं होती. इकडे भरती-ओहोटीचं गणित, खारफुटी, मिठागरं आणि गुडघाभर चिखल. देशावरच्या घोडेस्वाराला हा मुलूख परका होता. पाणी कधी चढणार आणि कुठल्या वाटेने पाय रुतणार नाही, हे कोळ्याला आणि आगऱ्याला ठाऊक. घोडबंदर हे नावच घोड्यांच्या व्यापारावरून पडलं असं सांगतात, पण या मोहिमेत खरं काम पायदळाचं होतं. घाटमाथ्यावरचे मावळे आणि नेमबाजीसाठी नावाजलेले दक्षिण कोकणातले हेटकरी त्यात आले. त्यांच्याबरोबर खणणारे बेलदार, दगडफोडे पाथरवट, ओझी वाहणारे कामाठी. बखरीत त्यांची नावं सहसा येत नाहीत. ती आली तर हिशेबात येतात.

हा हिशेब समजला की निम्मी फौज समजते. शिलेदार स्वतःचं घोडं आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. बारगीराचं घोडं सरकारी. म्हणजे शिलेदाराचं घोडं पडलं तर घरची शेती बुडाल्यासारखंच. लढाईत मेलेल्या घोड्याची भरपाई मागणारे अर्ज पेशवाईत नवे नव्हते, ते याच कारणाने. कोणी घोडं जपत मागे राहिला तर त्याला भित्रा म्हणण्याआधी त्याच्या कर्जाचा आकडा विचारावा. प्यादा त्याहून कच्चा. त्याला पोटापुरता रोजमुरा हातावर मिळे आणि बाकीचा पगार ‘पुढे पाहू’ या खात्यावर. सावकाराकडून रक्कम उचलल्याशिवाय सरदाराला तरी पैसा कुठून येणार? देणं फारच थकलं की शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसत. आज आपण मोर्चा म्हणतो तो रस्त्यावरचा. तेव्हाचा मोर्चा म्हणजे तोफेमागची मातीची आडोशाची भिंत, आणि पगाराच्या तगाद्याला शब्द होता धरणं.

आता एका प्याद्याच्या हाताकडे बघू. त्याची बंदूक तोड्याची. नळीत दारू मोजून ओतायची, वर गोळी टाकायची, गजाने ठासायचं. मग बंदुकीच्या कानाशी, नळीच्या मागच्या छिद्राशी, चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक. पेटती जामगी, म्हणजे वात, तिला टेकली की बार उडणार. एवढं सगळं जमायला जामगी सतत धुमसत ठेवावी लागते आणि रंजक कोरडी. ठाण्याच्या खाडीवर पहाटेची हवा कशी असते हे कळवा-विटाव्याच्या माणसाला सांगायला नको. वाळत घातलेला सदरा रात्री बाहेर राहिला तर सकाळी पुन्हा ओला. अशा हवेत हा माणूस दारूचं शिंग कापडात गुंडाळून छातीशी धरून बसणार. रंजक दमट झाली तर नुसती फुसफुसते, नळीतली दारू तशीच राहते, आणि समोरच्याला आपली जागा कळलेली असते. पावसात तर बंदूक म्हणजे लांब काठी.

पावसाळ्यात लढाई थांबवायची ही मराठ्यांची रीतच होती. जूनमध्ये छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन. मधल्या काळात शिपाई घरी जाऊन पेरणी करी, कारण तो अर्धा शेतकरीच. साष्टीत मात्र घेतलेला मुलूख राखायचा होता. मोठी फौज वर गेली तरी हजारो माणसं कोकणात अडकली. या पट्ट्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. झोपायला झावळ्यांचं छप्पर, खाली ओल, खाडीकाठी डास, आणि अंग फोडणारा हिवताप. ज्वारी-बाजरीवर वाढलेल्या माणसापुढे तांदूळ आणि नाचणी. घोड्याला कडब्याऐवजी भाताचा पेंढा. धान्य घाटावरून यायचं तर बैलांच्या पाठीवरून, आणि पावसात बैल घाट उतरणार कसा? लष्करामागे बाजार चाले, पण बाजारात उधारी वाण्याच्या मर्जीवर.

पुढच्या वर्षी फिरंग्यांनी ठाणं परत घ्यायचा प्रयत्न केला. डिसेंबर १७३८मध्ये त्यांचा सेनापती दों पेद्रू द मेलू इथेच तोफेच्या गोळ्याने पडला. मग १७३९च्या जानेवारीत केळवे-माहीम, तारापूर, आणि फेब्रुवारीपासून वसई. तारापूरच्या लढाईत सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्यांच्या आईला सांत्वनाचं पत्र गेलं, ते आजही हळहळत वाचलं जातं. त्याच तटावर जे प्यादे पडले त्यांच्या घरी काय गेलं? गेलंच तर बालपरवेशी, म्हणजे मेलेल्याच्या लेकरांसाठी लावलेली नेमणूक. पत्रातला गहिवर सरदाराच्या वाट्याला, प्याद्याच्या वाट्याला दप्तरातली ओळ.

वसईचा वेढा तलवारीचा कमी आणि कुदळीचा जास्त. तीन बाजूंना पाणी-दलदल, जमिनीकडची एकच बाजू उघडी. तिकडून खंदक पुढे सरकवत न्यायचे, तटाच्या पायाशी सुरुंग खणायचे. रेतीची जमीन, दोन हात खणलं की पाणी. वरून तोफा आणि जळते गोळे. मे महिन्याच्या उन्हात हे काम बेलदारांनी केलं. अखेरच्या हल्ल्यात काही सुरुंग उशिरा उडाले, आणि वर चढलेली आपलीच माणसं त्यात गेली. या वेढ्यात मराठ्यांकडचे मेलेले-जखमी मिळून ५,००० हून अधिक धरले जातात. ‘किल्ला हाती येत नसेल तर माझं मस्तक तोफेने आत उडवा’ ही अप्पांची आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे. ती खरी असो नसो, वातीजवळ बसलेल्या माणसाचं नाव कोणालाच पाठ नाही.

तटाच्या आतही सुख नव्हतं. फिरंगी शिपायाचा पगारही थकलेलाच. गोव्याची मदत अपुरी पडली तेव्हा वसईकरांनी चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून मुंबईच्या इंग्रजांकडून १५,००० रुपये उचलले. दोन्हीकडचे शिपाई उधारीवर लढत होते, आणि व्याज तिसराच मोजत होता.

तो तिसरा पुढे ठाण्यात आला. ऑगस्ट १७७३मध्ये शनिवारवाड्यात गारदी शिरले ते थकलेल्या पगाराचा गलका करतच. त्या गोंधळात नारायणरावांचा खून झाला. राघोबादादा पेशवे झाले, पुण्यातून उखडले गेले आणि इंग्रजांच्या दारी पोचले. इंग्रजांनी बदल्यात साष्टी मागितली, आणि करार व्हायची वाट न बघता डिसेंबर १७७४मध्ये ठाण्याच्या कोटावर तोफा लावल्या. २७ तारखेच्या रात्री खंदक भरायला गेलेली माणसं मार खाऊन परतली. दुसऱ्या दिवशी कोट पडला, आणि आतल्या बहुतेक शिबंदीची कत्तल झाली. इंग्रज आरमाराच्या कमोडोर वॉटसनचं मरण नोंदलं गेलंय: गोळा जवळ पडला, वाळूचे कण अंगात घुसले. कापल्या गेलेल्या शिबंदीची अशी नोंद कोण ठेवणार?

हल्ला करणाऱ्यांत हजारेक देशी शिपाई होते. कंपनीने १७६८मध्ये मुंबई बेटाच्या राखणीसाठी देशी पलटणी उभ्या केल्या होत्या. त्यांतली एक आज मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. ज्या कोकणातल्या माणसांनी पेशव्यांसाठी चिखल तुडवला, त्यांची नातवंडं कंपनीच्या कवायतीला उभी राहू लागली. याला फितुरी म्हणणारे आहेत. मला त्यात जास्त करून पोटाचा हिशेब दिसतो. कंपनीचा पगार थोडा होता, पण वेळेवर येत होता. एकोणिसाव्या शतकात शिपायाचा पगार महिना सात रुपयांवर बसला तो १८९५पर्यंत हलला नाही, आणि त्या सातांतून धान्य त्याचं त्यालाच विकत घ्यावं लागे.