स्मृतिभ्रंश आणि संगीतोपचार

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची खिन्नता, अस्वस्थता व एकाकीपणा कमी व्हावा म्हणून गायन, वादन वा श्रवण यांचा योजनापूर्वक केलेला उपयोग. यात दोन प्रकार वेगळे धरावे लागतात : प्रशिक्षित संगीतोपचारकाने रुग्णाचा प्रतिसाद पाहत चालवलेली सत्रे, आणि घरच्यांनी किंवा परिचारिकांनी ऐकवलेले त्याच्या आवडीचे संगीत. लोकप्रिय लेखनात या दोहोंची सरमिसळ होते. एकाचे निष्कर्ष दुसऱ्याच्या नावावर खपतात.

संज्ञा : ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द भगवद्‌गीतेत (२.६३) येतो, तेथे क्रोधातून उपजणाऱ्या संमोहाने भान सुटणे असा त्याचा रोख आहे, रोगाशी संबंध नाही. बोलीतले ‘म्हातारचळ’ किंवा ‘साठी बुद्धी नाठी’ हे प्रयोग वय आणि विकार यांत भेद करीत नाहीत. आज ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द अनेक रोगांत दिसणाऱ्या लक्षणसमूहासाठी वापरतात. त्यांपैकी आलोइस आल्झायमर यांनी १९०६ मध्ये प्रथम मांडलेला व त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा रोग सर्वांत जास्त आढळतो. भारतात साठ व त्यावरील वयाच्या सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे.

उगमाचा प्रश्न : या उपचाराचे मूळ प्राचीन ‘रागचिकित्से’त, म्हणजे रागांनी रोग बरे करण्याच्या पद्धतीत, आहे असे वारंवार लिहिले जाते व आधार म्हणून शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकराकडे बोट दाखवले जाते. हा ग्रंथ देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने, बहुधा तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात गर्भाची उत्पत्ती, शरीर व नाडीचक्रे यांचे सविस्तर वर्णन असल्याने तो वैद्यकाचाही ग्रंथ मानण्याचा मोह होतो. परंतु हे वर्णन नाद देहात कसा उपजतो हे सांगण्यासाठी आहे. रागांना तेथे रस, ऋतू व प्रहर जोडलेले आहेत. ‘अमुक रोगावर अमुक राग’ अशी जी कोष्टके सध्या फिरतात ती बरीच अलीकडची दिसतात. आजच्या रुग्णालयीन संगीतोपचाराची सलग परंपरा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतील सैनिकी रुग्णालयांपासून दाखवता येते. तेथे या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये स्थापन झाली.

सांगीतिक स्मृती : सकाळी काय खाल्ले ते न आठवणारी व्यक्ती चार कडव्यांचा अभंग अडखळल्याशिवाय म्हणते, हे अनेक घरांत पाहायला मिळते. याचे सर्वाधिक उद्धृत होणारे स्पष्टीकरण जर्मनीतील लायप्झिग येथील संशोधकांच्या २०१५ मधील अभ्यासाचे आहे. त्यांनी ३२ निरोगी तरुणांना वर्षानुवर्षे माहीत असलेली, तासाभरापूर्वीच ऐकवलेली आणि कधीच न ऐकलेली अशी तीन प्रकारची गाणी ऐकवून अतिशय शक्तिशाली चुंबकाच्या (७ टेस्ला) एमआरआय यंत्रावर मेंदूचे चित्रण केले. जुन्या गाण्यांची ओळख प्रामुख्याने मेंदूच्या पुढल्या-मधल्या भागातील दोन क्षेत्रांशी निगडित आढळली. वेगळ्या आल्झायमर रुग्णांच्या चित्रणाशी ताडून पाहता ही क्षेत्रे तुलनेने कमी झिजलेली निघाली. आल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचा साठा मात्र तेथे फारसा कमी नव्हता. यावरून ही क्षेत्रे रोगाच्या तडाख्यात उशिरा सापडत असावीत, असा तर्क केला जातो. तो आकर्षक आहे. पण नकाशा निरोगी तरुणांच्या मेंदूचा आणि झीज दुसऱ्याच लोकांची, ही त्याची मर्यादा नजरेआड करता येत नाही.

बेअर्ड व सॅमसन या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेले मत अधिक सावध आहे. त्यांच्या मते ‘सांगीतिक स्मृती’ ही एकच गोष्ट नव्हे. वाजवण्याची, म्हणण्याची अंगवळणी पडलेली कृती टिकते. चाल ओळखणे, तिचे नाव सांगणे हे पुष्कळदा जाते. तालावर घोकलेले पाढे आणि रोजची रामरक्षा याच टिकणाऱ्या प्रकारात मोडावीत. प्रत्येक स्मृतिभ्रंशात असे घडत नाही : शब्दार्थांचे ज्ञान हरपणाऱ्या प्रकारात ओळखीची चालही परकी होऊ शकते.

याच संदर्भात मोरिस राव्हेल (१८७५–१९३७) या फ्रेंच संगीतकाराचे उदाहरण येते. अखेरच्या वर्षांत त्याला लिहिणे व बोलणे कठीण झाले, ऐकण्याची जाण मात्र बरीच शाबूत होती. त्याच्या १९२८ मधील ‘बोलेरो’ या वाद्यवृंद-रचनेतील पुनरावृत्ती हे रोगाचे पहिले चिन्ह होते असे काही जण मानतात. निदानच वादग्रस्त असल्याने हे मत ओढूनताणून आणलेले वाटते.

परिणाम : वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ मधील आढाव्यात २२ चाचण्या व १,०९७ रुग्ण विचारात घेतले होते. किमान पाच सत्रांनंतर खिन्नतेची लक्षणे बहुधा कमी होतात व वागणुकीतील एकूण अडचणींतही फरक पडतो. बौद्धिक क्षमता व तीव्र अस्वस्थता यांवर मात्र परिणाम जवळजवळ नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. थोडक्यात, संगीत गेलेली स्मृती परत आणत नाही. फिनलंडमध्ये मात्र रुग्ण व त्याला सांभाळणारे अशा ८९ जोड्यांवर झालेल्या अभ्यासात (२०१४) दहा आठवडे गायलेल्या गटात रुग्णांच्या अल्पकालीन स्मृतीबरोबर सांभाळणाऱ्यांची मनःस्थितीही सुधारलेली दिसली. सांभाळणाऱ्यांकडे एरवी कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून ही नोंद मोलाची.

निवड व पद्धती : लिंडा गर्डनर या परिचर्या क्षेत्रातील अमेरिकी संशोधिकेने १९९०च्या दशकात व्यक्तिनिष्ठ निवडीवर भर दिला. त्यांच्या २००० मधील अभ्यासात शांत करणाऱ्या सर्वसाधारण अभिजात संगीतापेक्षा रुग्णाच्या आवडीचे संगीत अधिक गुणकारी ठरले. अस्वस्थता वाढण्याच्या वेळेआधी सुमारे अर्धा तास, म्हणजे बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत तिन्हीसांजेपूर्वी, ते लावावे असे त्या सांगतात. साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी सर्वांत खोल रुजतात. या हिशेबाने आज ऐंशी-नव्वदीत असलेल्या मराठी श्रोत्यांसाठी १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर प्रसारित झालेली गीतरामायणाची ५६ गीते नेमकी त्या वयात पडतात. ज्या घरांत रेडिओ नव्हता तेथील स्त्रियांच्या बाबतीत जात्यावरच्या ओव्या, पाळणे, भोंडल्याची गाणी आधी आठवावीत.

ऐकू कमी येणाऱ्याला मोठ्या आवाजाचा त्रास होतो. कानातली यंत्रे आधी तपासावीत. मध्येच जाहिराती येणारी वाहिनी गोंधळ वाढवते. एखादे गाणे जुन्या दुःखाशी बांधलेले असू शकते. चेहरा ओढला गेला, हात आवळले गेले की ते बंद करून पुन्हा लावू नये.