चार्ट पेपर की कार्डशीट? घरच्या शुभेच्छापत्राला कुठला कागद कुठे वापरायचा

बेळगावची गणपत गल्ली असो, निपाणी असो की खानापूर, स्टेशनरीच्या दुकानात "जरा जाड रंगीत कागद द्या" म्हटलं की बहुतेक वेळा हातात चार्ट पेपर पडतो. कार्डशीट तिथंच शेजारी असते. माप तेच, 22 × 28 इंच, रंगही तसेच, म्हणून घोटाळा होतो. आज्जीसाठी हौसेनं केलेलं कार्ड संध्याकाळपर्यंत पाय फाकून आडवं झालं, तर बहुधा कागद चुकलेला असतो.

ओळखायची खूण सोपी आहे. वीतभर कागद टेबलाच्या कडेबाहेर काढा. चार्ट पेपर खाली वाकतो, कार्डशीट जवळजवळ सरळ राहते. झेरॉक्सचा कागद 70 ते 80 जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तितके ग्रॅम) असतो. कार्डाच्या बाहेरच्या अंगाला साधारण 220 ते 250 जीएसएमची कार्डशीट मागा. चार्ट पेपर यापेक्षा बराच हलका.

जाड कागदाची अडचण घडीत येते. कागदातले तंतू एका दिशेनं बसलेले असतात. घडी त्यांना आडवी गेली की कडेवर रंग तडकून पांढरी रेघ दिसते. म्हणून कापायच्या आधी अख्खी शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूनं ती सहज वाकते, त्या वाकाची रेघ म्हणजे तंतूंची दिशा. तंतू 28 इंचांच्या बाजूला समांतर असतील तर 7 × 11 इंचांचे आठ तुकडे करा आणि 11 ची बाजू निम्म्यात दुमडा. पुस्तकासारखं उघडणारं कार्ड होतं. तंतू 22 च्या बाजूला समांतर निघाले तर 5.5 × 14 चे आठ तुकडे करा आणि 14 ची बाजू दुमडा. हे कार्ड वरून उघडतं आणि उभंही छान राहतं. दोन्हीकडे तयार कार्ड 5.5 × 7 इंचच होतं, आणि कागद अजिबात वाया जात नाही.

दुमडण्याआधी घडीच्या जागी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेननं दाबून रेघ ओढा. ही रेघ कार्डाच्या बाहेरच्या अंगावर ओढायची, म्हणजे मागे उठलेला उंचवटा घडीच्या आत राहतो. उलट केलं तर कड ताणली जाऊन फाटते.

चार्ट पेपर मात्र टाकाऊ नाही. कार्डाच्या आत उघडताच वर येणारं चित्र हवं असेल तर तोच हवा, कारण कार्डशीटची बारीक पट्टी ताठ राहते आणि कार्ड नीट मिटत नाही. 7 × 11 च्या कार्डासाठी 6¾ × 10¾ इंचांचा चार्ट पेपर दुमडा. घडीवर मधोमध एकमेकांपासून 1 इंचावर, घडीपासून आत 1 इंच लांबीच्या दोन चिरा द्या आणि मधली पट्टी आत ढकला. चित्र पट्टीच्या एकाच अर्ध्या भागावर चिकटवायचं. दोन्हींवर लावलं तर पट्टी दुमडतच नाही. कार्ड मिटल्यावर पट्टीचं टोक घडीपासून 2 इंचांवर येतं, म्हणून चित्र त्याच्या पुढे 3 इंचांहून जास्त नको, नाहीतर कडेबाहेर डोकावतं.

हा चार्ट पेपर कार्डाच्या आत घडीला घडी जुळवून चिकटवायचा. फेविकॉल पाण्यातला असल्यानं तो फुगून सुरकुततो. थेंब थेंब न टाकता जुन्या कार्डाच्या तुकड्यानं पातळ पसरवा, चिरांच्या आसपास अर्धा इंच कोरडं ठेवा आणि वर जाड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबा. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, कागद आधीच दमट असतो, तेव्हा एक दिवस जास्त द्या.

मजकुराची जागा आतल्या चार्ट पेपरवरच बरी. चकचकीत कार्डशीटवर जेल पेन पुसतं. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालत असतील तर "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा"खाली "हुट्टुहब्बद शुभाशयगळु" जरूर लिहा. "अक्का" आणि "आज्जी" तर दोन्हीकडे चालतात. शेवटची ओळ लिहून झाली की कार्ड दहा मिनिटं उघडंच ठेवा, नाहीतर शाईचा ठसा समोरच्या पानावर उमटतो.