फुलवेली : अरुंद वाफ्यातील लागवड आणि छाटणी

घर आणि आवाराची भिंत, कुंपण आणि पायवाट किंवा ओटा आणि रस्ता यांच्यामध्ये उरलेल्या, साधारण ३० ते ६० सेंमी. रुंदीच्या मातीच्या पट्ट्यात फुलांच्या वेली लावून त्या तारांवर किंवा ताटीवर वाढवण्याची ही पद्धत आहे. एवढ्या जागेत झुडूप पसरले की वाट अडते; वेलीला मात्र जमिनीवर हातभर जागा पुरते आणि तिचा विस्तार भिंतीच्या अंगाने वळवता येतो. महाराष्ट्रात जाई, जुई, मधुमालती, बोगनवेल, कृष्णकमळ, गोकर्ण आणि संक्रांतवेल यांची अशी लागवड घरोघर दिसते.

भिंतीच्या पायथ्याशी असते ती बहुधा नावालाच माती. बांधकामातले विटांचे तुकडे, वाळू, सिमेंट आणि चुना तिथेच गाडलेले असतात. त्यामुळे माती विम्लधर्मी (अल्कधर्मी) होते, तिच्यातले लोह मुळांना घेता येत नाही आणि जाईजुईच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागतो. अशा वेळी लिटरमागे ५ ग्रॅम फेरस सल्फेट घालून केलेली फवारणी उपयोगी पडते, पण तो तात्पुरता उतारा आहे. लागवडीपूर्वी निदान ४५ सेंमी. खोल खणून राडारोडा काढणे आणि पोयटा व चांगले कुजलेले शेणखत भरणे हाच खरा उपाय होय. दुसरी अडचण पाण्याची. कोकणात उतरत्या छपराच्या पागोळ्या नेमक्या वाफ्यावर पडून माती वाहून जाते आणि मुळे कुजतात, तर सज्जाखालच्या वाफ्यात भर पावसाळ्यातही माती कोरडी सापडते. म्हणून रोप भिंतीला चिकटवून न लावता शक्यतो ३० सेंमी. दूर लावतात आणि भिंतीकडे किंचित कलते ठेवतात. वाफाच तेवढा रुंद नसेल, तर बाहेरची कड धरावी. बोगनवेलीची मुळे फार नाजूक असल्याने पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू न देण्याची काळजी घ्यावी लागते.

वेल कशाने चढते यावर आधाराची निवड ठरते. गोकर्ण आणि मधुमालती आधाराभोवती पीळ घालतात. कृष्णकमळ आणि संक्रांतवेल ताण्यांनी, म्हणजे प्रतानांनी, बारीक तार पकडतात. बोगनवेलीला मात्र यातले काहीच जमत नाही, ती काट्यांच्या आधाराने दुसऱ्या झाडावर रेलते आणि भिंतीवर न्यायची तर तिला बांधावेच लागते. भिंतीपासून १० ते १५ सेंमी. अंतर सोडून, एकमेकींपासून सुमारे ४५ सेंमी. वर आडव्या तारा ओढल्या की बहुतेक वेलींचे काम भागते. या अंतरामुळे मागे हवा खेळते, भिंतीची धग पानांना थेट लागत नाही आणि हात घालून छाटणी करता येते. बांधण्यासाठी सुतळी चांगली. तारेने बांधलेली फांदी जाड होताच तार सालीत रुतते.

अरुंद वाफ्यातली सर्वांत सामान्य चूक म्हणजे वेल सरळ वर जाऊ देणे. शेंड्याच्या कळीत तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना, म्हणजे पेरांवरच्या न उमललेल्या अंकुरांना, दाबून ठेवते. त्यामुळे खाली उघडे खोड, वर गच्चीच्या कठड्यावर पाल्याचा भारा आणि फुले शेजाऱ्यांना, असा प्रकार होतो. हीच फांदी कोवळी असताना आडवी वाकवून तारेला बांधली, तर शेंड्याचा दाब कमी होऊन जवळजवळ प्रत्येक पेरावरचा डोळा फुटतो आणि प्रत्येक धुमारा फुलावर येऊ शकतो. नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार ज्याला ओलांडा म्हणतात, तीच ही आडवी कायमची फांदी. खोडापासून दोन्ही बाजूंना असे दोन-तीन ओलांडे तयार करणे हे पहिल्या वर्षाचे मुख्य काम असते. त्या वर्षी फुलांची घाई करू नये.

छाटणीचा काळ त्या त्या वेलीच्या बहरावरून ठरतो. जाई, जुई, मधुमालती आणि बोगनवेल नव्या फुटीवर फुलतात. त्यामुळे जुई जानेवारीच्या अखेरीस जमिनीपासून सुमारे ४५ सेंमी.वर छाटली तरी तिचे नुकसान होत नाही, उलट उन्हाळ्याच्या तोंडावर ती भरभरून फुटते. मधुमालतीही थंडी सरताना बेताने कमी करतात. बोगनवेल पावसाळ्यात नुसता पाला वाढवते. पाऊस ओसरल्यावर तिच्या लांब सरळसोट फांद्या आखूड करून पाणी थोडे ओढून धरले, की रंग येतो. हा रंग फुलांचा नव्हे. तीन रंगीत सहपत्रांच्या, म्हणजे फुलांलगतच्या पानांच्या, मधल्या बारीक पांढरट नळ्या ही तिची खरी फुले. संक्रांतवेल मात्र नावाप्रमाणे पौष-माघात नारिंगी फुलांनी झाकून जाते, म्हणून तिला दिवाळीच्या आसपास कात्री लावणे म्हणजे त्या वर्षीचा बहर कापणे होय. तिची छाटणी फुले गळताच उरकावी. कृष्णकमळाची जुनी जून फांदी कापल्यावर लवकर फुटत नाही, तेव्हा ती वेल थोडी थोडी विरळ करणेच बरे. तिची पाने टॉनी कोस्टर या फुलपाखराच्या अळ्या फस्त करतात, तो भाग वेगळा.

काप नेहमी डोळ्याच्या वर साधारण अर्धा सेंमी. आणि तिरका, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतार देऊन घेतात, म्हणजे पाणी डोळ्यावर न साचता निथळून जाते. डोळ्याच्या वर लांब खुंट राखला, तर तो वाळत खाली येतो; अगदी डोळ्याला लागून कापले, तर डोळाच सुकतो. कोणता डोळा ठेवायचा हेही महत्त्वाचे असते : अरुंद वाफ्यात भिंतीला समांतर तोंड असलेला डोळा राखावा, वाटेकडे पाहणारा राखला की दोन महिन्यांत ती फांदी येणाऱ्याजाणाऱ्याच्या बाहीत अडकते. आधी वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून मगच बाकीच्यांना हात लावावा.

मधुमालतीचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि पुढे लालबुंद होते, त्यामुळे एकाच झुबक्यात तिन्ही रंग दिसतात. पांढऱ्या फुलांवर रात्री लांब सोंडेचे पतंग येतात. या शोभेमुळे ती छोट्या वाफ्यांतही हौसेने लावली जाते. पण तिची वाढ जोमदार असते, तिला मुळांपासून नवे फुटवे येतात आणि पाच-सहा मीटरच्या भिंतीला एकच वेल पुरून उरते. त्याच वाफ्यात दुसरी वेल लावली, तर ती झाकली जाते. अगदी अरुंद पट्ट्यासाठी गोकर्णच सोयीची : रात्रभर भिजवलेले बी जूनमध्ये पेरले, की पावसाळ्यातच ती फुलू लागते.

छाटणीत निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्यांचे १५ ते २० सेंमी.चे तुकडे छाट कलमासाठी वापरतात. जाईची फांदी जमिनीला टेकली, तर पेराशी आपोआप मुळे धरते. नवे रोप हवे असल्यास तिथे मातीचा ढेकूळ ठेवून दाब कलम होऊ द्यावे. नको असल्यास ती फांदी लवकर उचलून तारेला बांधावी.