वाहतूक विश्लेषण: माहीत असणं आणि येणं

पोहणं माहीत असणं आणि पोहता येणं, यांत कुणाचा गोंधळ होत नाही. वाहतूक विश्लेषणाच्या कामात मात्र तो सर्रास होतो. सूत्रं तोंडपाठ आहेत, रस्त्यांचे मानक नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) कोडचे क्रमांक जिभेवर आहेत, लेखी परीक्षेत ऐंशी मार्क पडलेत, तेव्हा या मुलाला चौकाचं काम द्यायला हरकत नाही, असं ठरून जातं. ज्ञानाची परीक्षा घेतली म्हणजे क्षमता तपासून झाली, हा समज इतका पक्का आहे की दोन्हींसाठी आपण 'टेस्ट' हा एकच शब्द वापरतो. त्याची किंमत पुढे सिग्नलला ताटकळणारे लोक मोजतात.

नव्या मुलामुलींची पारख करताना मी बहुतेकांपुढे एक कागद ठेवतो. आकडे सरावासाठी तयार केलेले आहेत, पण प्रसंग प्रत्येक शहरातला आहे. चौकाच्या एका बाजूचा, स्टॉप लाइनवर केलेला वाहनांचा संध्याकाळचा काउंट, पंधरा-पंधरा मिनिटांचा. पाच वाजल्यापासून ओळीनं ४१०, ४५५, ४७०, ४३०. सहानंतर ३८५, ३६०, ३७२, ३९०. प्रश्न एवढाच की पीक अवर, म्हणजे सगळ्यांत गर्दीचा तास, कोणता आणि या बाजूला हिरवा दिवा किती द्यायचा.

ज्याला विषय माहीत आहे तो दहा मिनिटांत उत्तर देतो. पाच ते सहा, १७६५ वाहनं. सगळ्यांत भरलेला पाव तास ४७० चा, त्याची चौपट १८८०, म्हणून पीक अवर फॅक्टर (तासाभरातली वाहनं भागिले ही चौपट) सुमारे ०.९४. सहा ते सात १५०७, म्हणजे गर्दी ओसरली, हिरवा वेळ कमी केला तरी चालेल. गणितात एकही चूक नाही. लेखी परीक्षेत मी पूर्ण मार्क दिले असते.

एका मुलीनं मात्र पेन खाली ठेवून विचारलं, "सर, सहानंतर रांग कुठवर होती?"

सगळं इथेच आहे. स्टॉप लाइनवर मोजली जातात ती पलीकडे गेलेली वाहनं. पलीकडे जायचं होतं पण जाता आलं नाही, ती त्या कागदावर येतच नाहीत. पुढच्या चौकातली रांग मागे सरकत आली, किंवा चौक ओलांडल्या ओलांडल्या असलेल्या बस थांब्यावर तीन बस एकामागे एक लागल्या, की हिरवा दिवा असूनही गाड्या जागच्या हलत नाहीत. त्या वेळी काउंट घसरतो आणि कोंडी वाढते. आकड्यात ती ओसरलेली गर्दी दिसते, रस्त्यावर हॉर्नचा कल्लोळ असतो. सव्वासहा ते साडेसहात ३६० वाहनं गेली आणि त्याच वेळात रांग ९० वाहनांनी वाढली, तर खरी मागणी ४५० ची होती. म्हणून रांगेची लांबी पाव तासाच्या सुरुवातीला आणि शेवटी नोंदवायची, नाहीतर काउंट रांगेच्या शेपटापाशी उभं राहून करायचा. हे न पाहता हिरवा वेळ कमी केला, तर कोंडीत आपणच भर घातली. आणि अडथळा पुढे असेल तर हिरवा वेळ वाढवूनही उपयोग नाही. आधी तो पुढचा चौक बघावा लागतो.

गेलेली वाहतूक आणि मागणी यांतला फरक विचारला, तर दहा मिनिटांत उत्तर देणाऱ्या पहिल्या मुलानंही व्याख्या बरोबर सांगितली असती. त्याला ते माहीत होतं. कागद समोर आल्यावर ते आठवलं नाही, कारण प्रश्नात 'मागणी' हा शब्दच नव्हता. परीक्षेतला प्रश्न कोणतं ज्ञान काढायचं ते स्वतःच सांगत असतो. चौक काही सांगत नाही.

पीसीयूचंही (पॅसेंजर कार युनिट) तसंच आहे. वेगवेगळी वाहनं एका मापात आणायची म्हणून कार १ धरायची आणि बाकीच्यांना तिच्या पटीत बसवायचं. शहरी रस्त्यांसाठीच्या १९९० च्या आयआरसी १०६ मध्ये दुचाकीला दोन आकडे आहेत. एकूण वाहनांत दुचाकींचा वाटा ५ टक्के असेल तर ०.५, आणि १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ०.७५. पुण्यात काम करताना कोणता घ्यायचा, हे विचारायचीसुद्धा गरज पडू नये. तरीही जुन्या एक्सेल शीटमध्ये ०.५ बसलेला असतो आणि शीट वर्षानुवर्षं एका कामातून दुसऱ्या कामात कॉपी होत राहते. ९०० दुचाकींमागे हा फरक २२५ पीसीयूंचा होतो. ज्याला काम येतं तो आधी शीटमधला हा कप्पा उघडून बघतो. त्याच्याही पुढचा माणूस विचारतो, की सिग्नलला दुचाकी कारच्या फटींतून पुढे येऊन स्टॉप लाइनवर घोळका करतात, दिवा हिरवा होताच सगळ्यांच्या आधी निघून जातात, तिथे हा एकच ठरीव आकडा चालेल का? केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेनं (सीएसआयआर-सीआरआरआय) तयार केलेलं २०१७ चं इंडो-एचसीएम, म्हणजे रस्त्यांच्या क्षमतेचं भारतीय मार्गदर्शक पुस्तक, अशाच प्रश्नांसाठी आहे. त्यात आपल्या संमिश्र वाहतुकीवर प्रत्यक्ष मोजमापं घेऊन पद्धती मांडल्या आहेत.

सरासरी वेगाबद्दल लेखी प्रश्न हमखास असतो, काल-सरासरी (एका जागेवरून गेलेल्या वाहनांच्या वेगांची साधी सरासरी) आणि स्थल-सरासरी (एकूण अंतर भागिले ते कापायला लागलेला एकूण वेळ) यांतला फरक सांगा. कामावर तोच प्रश्न असा येतो की रडार गनचे आकडे हातात आहेत आणि प्रवासाला किती वेळ लागेल ते सांगायचंय. एक किलोमीटर ताशी ३० नं गेलं तर २ मिनिटं, ताशी ६० नं गेलं तर १ मिनिट. दोन किलोमीटर तीन मिनिटांत, म्हणजे सरासरी ४०. सरळ बेरीज करून निम्मे करणारा ४५ लिहितो.

शहराबाहेर पडलं की फरक आणखी ठळक होतो. ग्रामीण रस्त्यांच्या वाहतूक गणनेचा आयआरसी ९ हा कोड १९७२ चा. गणना वर्षातून दोनदा, सात दिवस, चोवीस तास, आणि त्यातली एक सुगीच्या, मालाच्या वाहतुकीच्या हंगामात, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पश्चिम महाराष्ट्रात तो हंगाम म्हणजे उसाचा गळीत हंगाम, हे कोडमध्ये लिहिलेलं नाही. पावसाळ्यात काउंट उरकला, तर उसाच्या डबल ट्रॉल्या त्यात येणारच नाहीत. आयआरसी ६४ नुसार ट्रॉलीसह ट्रॅक्टर ४.५ पीसीयू, ट्रकपेक्षा दीडपट, आणि ऊस वाहणारी मोठी बैलगाडी ८. ही वाहनं सुटली की रस्त्याच्या क्षमतेचा अंदाजही चुकतो आणि डांबराखालच्या थरांची जाडी ठरवणारा ॲक्सल लोडचा, म्हणजे चाकांच्या आसांवरच्या भाराचा, हिशोबही. ज्याला काम येतं तो तारखा ठरवण्याआधी साखर कारखान्यात फोन लावतो, मोळी कधी टाकणार, म्हणजे गाळप कधी सुरू होणार, म्हणून विचारतो. आठवड्याचा बाजार कोणत्या वारी, हेही विचारतो. आषाढीच्या दिवसांत पालखी मार्गावर काउंट लावत नाही.

असं बघणारी काही माणसं मला कॉलेजबाहेर भेटली आहेत. टॅली शीटवर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारत वीस वर्षं रस्त्याकडेला बसलेले एक मोजणीदार मला म्हणाले होते, "साहेब, पावणेसहाला हा आकडा का वाढतो माहितीये? एमआयडीसीची शिफ्ट सुटते." त्यांना पीक अवर फॅक्टर हा शब्द ठाऊक नव्हता. लेखी परीक्षेनं त्यांना पहिल्याच फेरीत बाहेर काढलं असतं. आपल्याकडे २७ डिसेंबर २०१३ ला अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात आधी मिळवलेल्या कौशल्याला मान्यता द्यायची सोय आहे ती अशाच लोकांसाठी. ती या क्षेत्रात मनापासून वापरली जावी असं मला फार वाटतं. अर्थात वीस वर्षं एकाच तऱ्हेच्या चौकावर बसलेल्या माणसाला गोल चौक किंवा महामार्गाचा जोडरस्ता आपोआप येत नाही. त्यांचीही पारख करावीच लागते, फक्त ती प्रश्नपत्रिकेनं करू नये.

मग कशानं करायची? ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक प्रशिक्षणात पुरावा तपासण्याचे चार निकष आहेत आणि ते मला कामाचे वाटतात. पुरावा त्याच कामाचा आहे का, पुरेसा आहे का, त्याच माणसाचा आहे का आणि ताजा आहे का. तिथे मार्क देत नाहीत. 'सक्षम' किंवा 'अजून सक्षम नाही' एवढंच लिहितात. आमच्या कामात 'पुरेसा' म्हणजे निदान दोन वेगळ्या जागा, एक शहरातली सिग्नलची आणि एक हायवेची. 'त्याच माणसाचा' हे सगळ्यांत अवघड, कारण अहवाल चौघं मिळून लिहितात आणि वाहतुकीचं मॉडेल सॉफ्टवेअर चालवतं. म्हणून मी फील्ड डायरी मागतो आणि समोर बसवून विचारतो, कॅमेरा याच खांबावर का लावला? हा आकडा का टाकून दिला? मॉडेलमधली रांग ६० मीटर आणि जागेवर १४० मीटर, तर तू कशावर विश्वास ठेवलास? 'ताजा' हेही सोडून चालत नाही. मेट्रोचे खांब उभे राहण्याआधी केलेलं काम आज त्या रस्त्याला लागू नाही.

लेखी परीक्षा टाकून द्या असं मी म्हणत नाही. ती स्वस्त आहे, सगळ्यांना सारखी आहे, आणि ज्याला पीसीयू म्हणजे काय हेच माहीत नाही त्याला चौकात उभं करण्यात अर्थ नाही. मीही ती घेतो, पण त्या दिवशी कुणाला काम सोपवत नाही. प्रत्यक्ष पारखीला दोन-तीन आठवडे लागतात, एक अनुभवी माणूस अडकून पडतो आणि वरून विचारणा होते की एवढा वेळ कशाला.

त्या पहिल्या मुलाच्या कागदावर मी 'अजून नाही' असं लिहिलं. खाली कारण लिहिलं: गणित बरोबर, रांग पाहिली नाही. पुढच्या मंगळवारी त्याला साडेपाचला एका चौकात पाठवलं, स्टॉप लाइनपासून दोनशे मीटर मागे, काउंटर आणि चुन्याची पिशवी देऊन. दर पंधरा मिनिटांनी रांगेचं शेपूट जिथे असेल तिथे त्यानं फुटपाथच्या कडेला एक रेघ मारायची होती. साडेसहाला त्याचा फोन आला. "सर, रेघ मारायला अजून मागे जावं लागतंय, मागचा चौक लागला."