पळणारी ग्वादालूपे: खिल्ली नव्हे, घरातल्या बायकांचा गौरव

योलांदा लोपेझ या मेक्सिकन वंशाच्या अमेरिकी चित्रकर्तीने 1978 मध्ये बुटांसकट धावणारी ग्वादालूपेची माता, म्हणजे मेक्सिकोत पूजलं जाणारं मेरीमातेचं रूप, रंगवली. तेव्हापासून ऐकू येतं की तिने देवीची खिल्ली उडवली. हे खरं नाही.

हा समज टिकला, कारण ते चित्र बहुतेकदा एकटंच दाखवलं जातं. मुळात ती तीन ऑइल पेस्टल चित्रांची मालिका आहे. धावणारी बाई म्हणजे स्वतः योलांदा. दुसऱ्या चित्रात तिची आई मार्गारेट शिलाई मशीनवर बसून देवीचा ताऱ्यांचा शेला शिवतेय. ती खरोखरच शिवणकाम करून घर चालवायची. तिसऱ्यात आजी व्हिक्टोरिया, थकलेली, पण ताठ नजरेची. योलांदा सॅन दिएगोत या दोघींच्या हाताखाली वाढली. तिघींमागेही देवीची तीच सोनेरी प्रभावळ आहे. ज्या कष्टकरी बायकांना चित्रांत कुणी जागा देत नव्हतं, त्यांना तिने थेट देवीच्या जागी बसवलं. मला यात श्रद्धेचा अपमान कुठेच दिसत नाही.

चित्रात टीका आहे, पण ती देवीवर नव्हे, अमेरिकेवर. धावताना योलांदा ज्या देवदूतावरून उडी घेते, त्याचे पंख लाल, पांढरे आणि निळे आहेत, अमेरिकी झेंड्याच्या रंगांचे.