सायकल किती इंची घ्यायची?

मोबाइलवर सायकल शोधायला बसलं की पहिला प्रश्न पडतो तो २६ टी घ्यावी, २७.५ टी की २९ टी. आर्णी असो, सिंदी असो की कुरखेडा, पिनकोड टाकला की सायकल खोक्यात बसून घरी येते. जिल्ह्याच्या गावी जाऊन चार दुकानं हिंडायची खटपट वाचली, पण सायकलवर बसून बघणंही त्याबरोबरच गेलं. मग उंच पोराला २९ आणि त्याच्या बहिणीला २६, असा हिशेब होतो. यातला टी टायरचा, म्हणजे हा आकडा चाकाचा आहे. आपलं अंग त्या सायकलवर नीट बसेल की नाही, ते फ्रेमच्या आकड्यावरून कळतं, आणि तो जाहिरातीत बराच खाली, बारीक अक्षरांत असतो.

आधी चाकाचं उरकून घेऊ. रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास २६ च्या चाकात ५५९ मिलिमीटर, २७.५ च्या चाकात ५८४ आणि २९ च्या चाकात ६२२ मिलिमीटर असतो. सारख्या जाडीचा टायर घातला तर २९ च्या चाकाचा मध्य २६ च्या मध्यापेक्षा जमिनीपासून जेमतेम तीन सेंटिमीटर वर राहतो. ही वाढ सीटपर्यंत पोचतेच असं नाही, कारण मोठ्या चाकाच्या सायकलीत क्रँकचा, म्हणजे पायडल ज्या दांड्यांना लावलेली असतात त्यांचा, एक्सल चाकांच्या एक्सलपेक्षा जास्त खाली बसवतात. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, दगडावरून सहज जातं, म्हणून पांदण रस्त्याला ते बरं. पण कमी उंचीच्या माणसासाठी लहान फ्रेम घेतली आणि तिला २९ चं चाक असलं, तर वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागू शकतो. चाकाचा विचार एवढाच पुरे.

फ्रेमचं माप म्हणजे क्रँक ज्या एक्सलभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर. एमटीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या जाड टायरच्या सायकलींत ते इंचांत देतात, रोड सायकलींत सेंटिमीटरमध्ये. काही कंपन्या नळीच्या टोकापर्यंत न मोजता आडवी दांडी जिथे येऊन मिळते त्या मध्यापर्यंतच मोजतात. त्यामुळे दोन कंपन्यांच्या १७ इंची फ्रेम सारख्या असतीलच याचा भरवसा नाही. एस, एम, एल ही अक्षरं तर त्याहून सैल.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकली २२ इंची आणि २४ इंची म्हणून ओळखल्या जायच्या, तो आकडा मात्र फ्रेमचाच होता. दोन्हींची चाकं २८ चीच. रोड सायकलीच्या आज प्रचलित असलेल्या सूत्रात (ते पुढे येतं) हे आकडे घालून पाहिले तर विदर्भातल्या कित्येक पिढ्यांनी सायकल कशी सोसली ते समजतं. २४ इंच म्हणजे ६१ सेंटिमीटर. एवढ्या फ्रेमला साजेशा पायाचं आतलं माप, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतचं, येतं जवळजवळ ९२ सेंटिमीटर, म्हणजे सहा फुटांहून उंच माणूस. २२ इंचीलाही साधारण पाच फूट दहा इंचांचा माणूस लागतो. सीट पार खाली दाबलेली, तरीही पायडल खाली गेलं की कंबर त्या बाजूला कलायची आणि पोरांना दांडीखालून पाय घालून कैची मारावी लागायची, याचं कारण फ्रेम अंगापेक्षा मोठी होती.

आता माप घेऊ. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, दोन पावलांत अर्ध्या फुटाचं अंतर. जाड पुठ्ठ्याची वही मांड्यांमध्ये धरून तिची उभी कड भिंतीला पूर्ण टेकवायची, म्हणजे वही तिरकी होत नाही. मग सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा येईपर्यंत वही वर ओढायची. दुसऱ्या माणसाने वहीच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलची खूण करायची आणि जमिनीपासून खुणेपर्यंत टेप लावायचा. तीनदा करून सरासरी घ्या, कारण पहिल्या वेळी वही हमखास कमी ओढली जाते. पँटच्या आतल्या शिवणीचं माप इथे चालत नाही, ते कितीतरी कमी भरतं. नुसती उंची विचारणाऱ्या तक्त्यावरही विसंबू नका. सारख्याच उंचीच्या दोघांच्या पायांत तीन-चार सेंटिमीटरचा फरक सहज असतो.

हे माप इतकं महत्त्वाचं का, तर सायकलवर सगळं काम पाय करतात आणि गुडघा किती वाकतो यावर ते काम सोपं की जड हे ठरतं. पायडल अगदी खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहावा, असं आज सर्वसाधारण मानतात. सीट खाली असेल तर पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो. अशा दुमडलेल्या स्थितीत जोर लावला की गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते, आणि रोज शाळेला सात-आठ किलोमीटर जाणाऱ्या मुलीचा गुडघा पुढच्या बाजूने दुखू लागतो. सीट फार उंच असेल तर पाय पुरत नाही, कंबर डावी-उजवीकडे हलते, मांडीची मागची बाजू ताणली जाते.

गावातली कसोटी याच्या उलट आहे. "दोन्ही पाय टेकते न? मंग बरोबर हाय," असं म्हणून सीट खाली घेतली जाते. सीटवर बसून दोन्ही पावलं सपाट टेकत असतील, तर सीट चालवण्यासाठी नक्की खाली आहे. थांबताना सीटवरून पुढे उतरून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायचे असतात. नवं शिकणाऱ्यासाठी किंवा मागे कापसाचं बोचकं बांधून पांदणीने जाणाऱ्यासाठी सीट दोन सेंटिमीटर खाली ठेवायला माझी हरकत नाही, तोल आधी. पण तेवढ्यापुरतंच.

सीटची उंची काढायची दोन सूत्रं प्रसिद्ध आहेत. हॅमली आणि थॉमस या संशोधकांनी १९६७ साली मांडलं की खालच्या पायडलपासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंतचं अंतर पायाच्या आतल्या मापाच्या १०९ टक्के असावं. दुसरं सूत्र अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने चालतं: आतलं माप गुणिले ०.८८३, आणि हे अंतर क्रँकच्या मध्यापासून मोजायचं. १७ सेंटिमीटरचा क्रँक धरला तर आतलं माप ८३ असलेल्या माणसाला दोन्हींचं उत्तर जवळपास एकच येतं. पण समजा, दहावीतल्या एका मुलीचं आतलं माप ७१ सेंटिमीटर आहे. लेमाँडचं सूत्र सांगतं ६२.७. १०९ टक्क्यांतून क्रँक वजा केला तर येतात ६०.४. दोन सेंटिमीटरांहून जास्त फरक! लेमाँडच्या सूत्रात क्रँकची लांबी धरलेलीच नाही, म्हणून आखूड पायांना ते सीट उंच सांगतं. आपल्याकडच्या मुलींनी आणि कमी उंचीच्या माणसांनी खालच्या आकड्यापासून सुरुवात करावी. पायडल खाली नेऊन त्यावर टाच ठेवायची. पाय अगदी सरळ झाला तर सीट ठीक. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा वाक आपोआप येतो.

फ्रेमसाठी वेगळा हिशेब आहे. एमटीबीला आतलं माप सेंटिमीटरमध्ये घेऊन ०.२२५ ने गुणलं की इंचांत उत्तर येतं: ७१ ला १६ इंच, ८० ला १८ इंच. रोड सायकलीला ०.६६५ च्या आसपासने गुणायचं, उत्तर सेंटिमीटरमध्ये: ७१ ला ४७, ८० ला ५३. आता ४७ सेंटिमीटर म्हणजे साडेअठरा इंच. एकाच मुलीला एका प्रकारात १६ इंची आणि दुसऱ्या प्रकारात साडेअठरा इंची फ्रेम लागते, कारण एमटीबीचा क्रँक जमिनीपासून उंच असतो आणि आडवी दांडी सीटकडे उतरती असते. म्हणून शेजाऱ्याच्या दुसऱ्या प्रकारच्या सायकलीचा आकडा उचलून आपली मागवू नये. दांडीवरून उभं राहिल्यावर मोकळी जागाही हवी, खडबडीत रस्त्याच्या सायकलीत किमान पाच सेंटिमीटर. तक्त्यात स्टँडओव्हर हाइट, म्हणजे जमिनीपासून दांडीची उंची, दिलेली असते, ती आतल्या मापातून वजा करून बघायची.

इथवर सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाची वाटते ती फ्रेमची लांबी, कारण उंचीची चूक सीट वर-खाली करून सावरता येते आणि लांबीची चूक जवळजवळ तशीच राहते. अनेक स्वस्त सायकली एकाच मापात येतात आणि खाली लिहिलेलं असतं, उंची ५ फूट २ इंच ते ६ फूट. या दोन टोकांत २५ सेंटिमीटरचं अंतर आहे. त्यातला पायांचा वाटा साधारण १२ सेंटिमीटर, म्हणजे सीटच्या उंचीत दहा-साडेदहा सेंटिमीटरचा फरक. तेवढी सीट लांब सीट पिलरने, म्हणजे सीटखालच्या दांड्याने, वर जाईल. पण धड आणि हात मिळून राहिलेला फरक फ्रेम कुठून भरून काढणार? सीट तिच्या पट्ट्यांवर दोन-तीन सेंटिमीटर पुढे-मागे सरकते, आणि ती फार सरकवली तर गुडघा पायडलच्या मानाने चुकीच्या जागी जातो. हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, बदलला तर आणखी दोन-तीन. त्यापुढे इलाज नाही.

लांब फ्रेमवर कोपरं ताठ होतात. ताठ हातांतून खड्ड्याचा प्रत्येक धक्का खांद्यापर्यंत जातो, तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूला मुंग्या येतात आणि ब्रेकची मूठ नीट आवळता येत नाही. आखूड फ्रेमवर वळताना गुडघे हँडलला लागतात, वजन मागे जातं, आणि कॅरियरवर डबल सीट असेल तर पुढचं चाक हलकं होऊन हँडल डळमळतं. सायकल चालवताना कोपरांत थोडा वाक राहिला आणि मान न आखडता समोर बघता आलं, तर लांबी जमली.

तक्त्यात यासाठी दोन आकडे असतात. इफेक्टिव्ह टॉप ट्यूब म्हणजे हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापासून सरळ आडवं मागे सीट पिलरपर्यंतचं अंतर. रीच म्हणजे हँडलच्या नळीच्या त्याच टोकापासून क्रँकच्या उभ्या रेषेपर्यंतचं आडवं अंतर. उभं राहून डोंगर उतरणाऱ्यांना रीच उपयोगी. आपण बहुतेक वेळ बसूनच चालवतो, तेव्हा आपल्याला पहिला आकडा कामाचा. तो वापरायचा कसा? गावात त्याच प्रकारची एखादी सायकल आपल्याला आरामात बसत असेल, तर तिचं हे अंतर टेपने मोजून घ्या. नवी सायकल त्याच्या एक-दीड सेंटिमीटर इकडे-तिकडे असली तर चालेल. ज्या सायकलीच्या पानावर हा आकडाच नाही, तिच्याबद्दल विक्रेत्याला प्रश्न पाठवा, आणि उत्तर आलं नाही तर ती सोडा.

मुलांच्या बाबतीत मोठी चूक होते ती वाढत्या अंगाच्या गणवेशाच्या हिशेबाने. दोन वर्षांनी बसेल म्हणून मोठी फ्रेम घेतात आणि ती दोन वर्षं पोरगी हात ताणून चालवते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, तेव्हा याच वयात सायकल रोजची गरज होते. या वयात शरीर कसं वाढतं ते पाहिलं तर उत्तर सापडतं. वयात येताना पाय आधी भराभर वाढतात, धड नंतर. म्हणून आज हाताला बरोबर येणारी, पण सीट पिलर बराचसा आत असलेली फ्रेम घ्यायची. पाय वाढतील तशी सीट वर येत जाते. हेच लेडीज फ्रेमलाही लागू. तिची दांडी खाली असल्यामुळे ती सगळ्यांना बसेल असं वाटतं, पण लांबी तिचीही तपासावीच लागते.

सीट वर घेण्यालाही मर्यादा आहे. सीट पिलरवर एक आडवी रेघ कोरलेली असते. ती नळीबाहेर दिसता कामा नये. पिलर जितका कमी आत, तितका त्याच वजनाला नळीच्या तोंडाशी जोर जास्त. आतला भाग निम्मा झाला की जोर साधारण दुप्पट, आणि खड्ड्यातला धक्का त्यात वेगळा. नळी तिथल्या वेल्डिंगपाशी चिरते. रेघ दिसल्याशिवाय सीट पुरत नसेल तर फ्रेमच लहान आहे.

सायकल घरी आली की जोडायच्या आधी, खोकं न फाडता, टेप काढून सीटची नळी मोजा. परत पाठवायची असेल तर हीच वेळ, पायडल आवळल्यावर आणि टायरला माती लागल्यावर बरेच विक्रेते नकार देतात. जोडणी एसटी स्टँडजवळच्या मिस्त्रीकडे करून घ्या. घरी करणार असाल तर डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवा. पुढचं चाक धरणारा चिमटा मागे फिरलेला राहिला नाही ना, हेही बघा. ही चूक घरच्या जोडणीत फार होते, आणि मग मापाची फ्रेम असूनही चवडा चाकाला लागतो. शेवटी मिस्त्रीला नुसतं "बरोबर कर" म्हणू नका. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साठ सेंटिमीटर, असा आपला आकडा सांगा, आणि सीट बसली की पिलरवर नळीच्या तोंडाशी पक्क्या रंगाची खूण करून घ्या.